नवी प्रोग्रामिंग भाषा शिकायची? आधी पेरुंगुडीची ही गोष्ट वाचा

तुमच्या घरातलं किंवा शेजारचं कुणी चेन्नईला आयटीत असेल, तर पेरुंगुडी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ओएमआर रस्त्यावरचा, आयटी कंपन्यांनी गजबजलेला भाग. २०१० साली सुरू झालेली आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात पोहोचलेली फ्रेशवर्क्स इथेच वाढली.

तिचं पहिलं उत्पादन फ्रेशडेस्क. ते लिहिलं गेलं रुबी भाषेत. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांची ही भाषा १९९५ मध्ये आली, पण कित्येक वर्षं जपानबाहेर तिला फारसं कुणी विचारत नव्हतं. मग २००४ मध्ये रेल्स आलं, म्हणजे वेबसाइट उभी करायचा तयार सांगाडा. डेटाबेस, फॉर्म, सगळं दरवेळी नव्याने लिहायची कटकट गेली आणि रुबी जगभर पोहोचली. शेगडी कितीही छान असली तरी कोपऱ्यावर वाण्याचं दुकान लागतंच ना, तसंच हे!

आता सगळे रस्टबद्दल बोलतात. तिची १.० आवृत्ती मे २०१५ मधली. मेमरीच्या ज्या चुकांमधून हॅकर आत शिरतात, त्यातल्या बहुतेक ती प्रोग्राम चालण्याआधीच पकडते. २०२२ अखेर ती लिनक्सच्या गाभ्यातही आली. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही ती आहे. गूगलने नवा कोड रस्ट, कोटलिन अशा सुरक्षित भाषांत लिहायला घेतला आणि अँड्रॉइडच्या सुरक्षा-त्रुटींतला मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला.

वाण्याच्या दुकानातही माल भरपूर आहे. रस्टची तयार पॅकेजेस एक लाखाच्या वर आहेत. पण त्यातली कितीतरी एकटादुकटा माणूस फावल्या वेळात सांभाळतो. २०२४ च्या स्टॅक ओव्हरफ्लो पाहणीत रस्ट वापरणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांना ती पुढेही हवी होती. वापरणारे मात्र जेमतेम १३ टक्के. कारण सोपं आहे. बँकांचा जावातला कोड नीट चालतोय, तो उगाच कोण पुन्हा लिहील?

म्हणून माझं मत विचाराल तर पहिल्या नोकरीसाठी जावा किंवा पायथन, आणि रस्ट दुसरी भाषा म्हणून. क्लासची फी भरण्याआधी एवढं करा: तुम्हाला ज्या कामासाठी भाषा हवी आहे, त्याचं पॅकेज शेवटचं कधी अपडेट झालं ते बघा. आणि नोकरीच्या जाहिरातींत फ्रेशर किती मागितलेत, तेही मोजा.