बेड्या नसलेले गुलाम

बालमित्रांनो, ‘गुलाम’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पायांत बेड्या आणि शेजारी चाबूकवाला मालक! इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांपुढे असंच काहीसं असावं. तिच्या ३७० व्या कलमात माणसाला ‘गुलाम म्हणून’ विकणं-विकत घेणं हा गुन्हा होता. शिक्षा जास्तीत जास्त ७ वर्षं.

आता बिहारमधल्या एखाद्या खेड्यात चला. गावातलाच कुणी ‘चाचा’ येतो. “पोराला मुंबईला नेतो, काम शिकेल,” म्हणतो आणि आईच्या हातावर थोडे पैसे ठेवतो. पोरगं खुशीत आगगाडीत बसतं. मुंबईत मात्र एका कोंदट माळ्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत जरीकाम. तिथंच जेवायचं, तिथंच झोपायचं. अशी कितीतरी मुलं तिथल्या कारखान्यांतून सोडवली गेली आहेत. पण यात बेडी कुठाय? ‘गुलाम’ हा शब्द सिद्ध करायचा कसा? वर मालक म्हणणार, “साहेब, तो आपणहून आला!”

२०१३ साली, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर, संसदेने हे कलम नव्याने लिहिलं. शोषणासाठी कुणाला फसवून, धाक दाखवून किंवा पालकांना पैसे देऊन मिळवणारा, नेणारा, लपवणारा, ठेवून घेणारा, सगळेच गुन्हेगार. आणि खरी मेख पुढे आहे बरं का! फसवलेल्याची संमती होती की नाही, याला काही अर्थच उरला नाही. म्हणजे ‘आपणहून आला’ ही पळवाट बंद! अठरा वर्षांखालचं एक मूल नेलं तर किमान १० वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. एकाहून अधिक मुलं असतील तर किमान १४ वर्षं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत याचं कलम १४३ झालं. भीक मागायला लावणंही आता त्यात स्पष्ट लिहिलंय.

कायदा कडक झाला खरा, पण साक्ष कोण देणार? सुटलेलं मूल गावी जातं. खटला मुंबईत, गाव दीड दिवसाच्या प्रवासावर. तारखेला यायचं तर आईबापांची मजुरी बुडते. साक्षीदारच आला नाही, तर खटला टिकणार कसा? म्हणून २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांना आपल्याच जिल्ह्यातून व्हिडिओद्वारे साक्ष देता येईल अशी व्यवस्था लावून दिली.

आणि हो, तुमच्याएवढं एखादं मूल कुठे असं राबताना दिसलं, तर आईबाबांना सांगा आणि १०९८ फिरवा. पैसे पडत नाहीत.