साताऱ्यात मांत्रिक हिरो होईल?

शुक्रवारची संध्याकाळ. पुण्याहून सुटलेली एसटी खंबाटकी ओलांडते, मोबाईलची रेंज जाते-येते आणि मांडीवर असते एक जाडजूड फँटसी कादंबरी. अशा वेळी डोक्यात एक किडा वळवळतोच. बॉस, हे सगळं आपल्या गावात घडलं तर?

अमेरिकेत जिम बुचरने २००० साली ‘स्टॉर्म फ्रंट’मध्ये नेमकं हेच केलं. त्याचा हॅरी ड्रेस्डन (हॉगवर्ट्सवाला हॅरी नव्हे!) शिकागोत राहतो. धंदा: जादूगार. टेलिफोन डिरेक्टरीत तशी नोंदसुद्धा आहे. विचित्र केस आली की पोलीस त्याला बोलावतात आणि घरभाड्याची चिंता त्यालाही असतेच. फंडा सोपा आहे. जादू काल्पनिक, पण शहर मात्र शंभर टक्के खरं.

आपल्याकडे हा मान नारायण धारपांच्या ‘समर्थां’चा. धारपांनी (१९२५-२००८) मध्यमवर्गीय मराठी घरात अघोरी शक्ती आणली आणि तिच्याशी लढायला समर्थांना उभं केलं. नाव ऐकताच सातारकराला सज्जनगड आठवणार. ‘समर्थाचिया सेवका’ हे पुस्तकाचं शीर्षक तर थेट रामदासांच्याच शब्दांतलं!

मग साताऱ्याचा स्वतःचा मांत्रिक का नसावा? अजिंक्यतारा आहे, पोवई नाका आहे, धुकं तर फुकट आहे.

इथेच खरी गोची आहे. सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव. सांगलीत कॉलेज, मिरजेत डॉक्टरकी शिकलेल्या या कबड्डीपटूने आयुष्यभर बुवाबाजीशी झुंज घेतली. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदाही झाला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं! हॅरीने आपली जाहिरात साताऱ्यात दिली असती, तर पोलीस त्याला बोलवायला नाही, उचलायलाच आले असते.

म्हणून काय, फँटसी लिहायचीच नाही? तसं मुळीच नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवलं. त्या परंपरेतल्या नाटकांत राक्षस असे आरडाओरडा करत यायचे की लोकांनी त्यांना ‘अललडुर्र’ नाव ठेवलं. प्रेक्षक घाबरायचे, खूश व्हायचे आणि घरी जायचे. राक्षसाकडून ताईत घेऊन कुणी गेलं नाही. कादंबरी आपण खोटी आहोत हे कव्हरवरच सांगते. बुवा ते कधीच सांगत नाही. फरक एवढाच, पण फार मोठा.

आता व्हिलन शोधा. सांगलीत तो दर पावसाळ्यात डोळे वटारतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५चा पूरही लोक विसरलेले नाहीत. तुमच्या हिरोने मंत्र म्हटला आणि पाणी उतरलं, असं लिहिलंत तर सांगलीकर पुस्तक तिथेच मिटेल. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती अडलं, हा हिशेब तिथे चहाच्या टपरीवर होतो!

पण पुरानंतर ओल्या भिंतींच्या घरात जी भीती शिरते, तिचं काय? ती खाऊन माजणारं काहीतरी कृष्णाकाठी आलंय आणि त्याचा एजंट गल्लोगल्ली ताईत विकतोय. त्याच्यासमोर तुमचा मांत्रिक उभा करा. खरी जादू येते म्हणूनच खोटी ओळखणारा, एक रुपयाही न घेणारा, आणि दारात आलेल्या आईला पहिल्यांदा हेच सांगणारा, “मावशी, पोराला आधी सिव्हिलला दाखवा. मग माझ्याकडे या.”

असा मांत्रिक साताऱ्यातही हिरो होईल. लॅपटॉप आहेच, एसटीत तीन तासही आहेत. खिडकीची सीट पकडा आणि सुरू करा!