कॅमेऱ्याची साक्ष आणि चेटकिणीची भाषा

१९९० च्या दशकात बंगळुरूतील अनेक घरांच्या दारांवर ‘नाळे बा’ हे दोन कन्नड शब्द लिहिलेले असत. ‘उद्या ये’ असा त्यांचा अर्थ. रात्री एक हडळ घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, ओ देणारा प्राणास मुकतो, मात्र दारावरचे शब्द वाचून ती आल्या पावली परत फिरते, अशी वदंता होती. शहराच्या उत्तरेस असलेले येलहंका हे केंपेगौडांच्या घराण्याचे जुने ठाणे. तेथील आजच्या गृहसंकुलांत दाराची राखण शब्द करीत नाही, कॅमेरा करतो. राखणदार बदलला की भुताच्या गोष्टीचे रूपही पालटते. भयपटांतील ‘सापडलेले चित्रण’ हा प्रकार अशाच पालटाचे उदाहरण आहे.

या प्रकारात दिग्दर्शक स्वतःस लपवितो. पात्रांच्या हातातील वा भिंतीवर बसविलेल्या कॅमेऱ्यांनी जे टिपले, तेच पात्रांच्या मृत्यूनंतर कुणाला तरी सापडले आणि जसेच्या तसे प्रेक्षकांपुढे ठेवले, अशी बतावणी असते. अमेरिकेतील ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) या चित्रपटाने हा प्रकार जगभर नेला. बार्सिलोनातील एका निवासी इमारतीत घडणाऱ्या ‘रेक’ (२००७) या स्पॅनिश चित्रपटाने त्यास बंद घराची चौकट दिली. कन्नडमध्ये ‘६-५=२’ (२०१३) या चित्रपटाने गिर्यारोहणास गेलेल्या तरुणांचे सापडलेले चित्रण म्हणून आपली कथा मांडली.

तथापि ही युक्ती कॅमेऱ्याहून पुष्कळ जुनी आहे. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ ही कादंबरी १७६४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती १५२९ मध्ये नेपल्स येथे छापलेल्या एका इटालियन ग्रंथाचे भाषांतर असल्याचे प्रस्तावनेत म्हटले होते. दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने आपले कर्तृत्व कबूल केले. म्हणजे झपाटलेली वास्तू आणि सापडलेला दस्तऐवज ही जोडी या परंपरेच्या उगमापाशीच एकत्र आढळते. जे बुद्धीस पटणार नाही, त्यास कागदाचा पुरावा हवा, हे त्यामागील सूत्र. कागदाच्या जागी चित्रफीत आली, एवढेच.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या परंपरेतील विशेष लक्षणीय कृती म्हणजे पवन कृपलानी दिग्दर्शित ‘रागिनी एमएमएस’ (२०११) हा हिंदी चित्रपट. मुंबईबाहेरील एका निर्जन घरात एक तरुण आपल्या प्रेयसीस नेतो. तिच्या नकळत तेथे कॅमेरे लावलेले असतात. त्या घरात वावरणारी मृत स्त्री मात्र मराठी बोलते, आणि आपण चेटकीण नसल्याचे सांगत राहते.

येथे शब्दाची छटा ध्यानात घ्यावयास हवी. हडळ आणि जखीण ही मेलेल्या स्त्रीच्या पिशाचाची नावे आहेत. चेटकीण ही जिवंत स्त्री असते. चेटूक करते असे लोक जिच्याविषयी म्हणतात ती. म्हणजे ‘चेटकीण’ हे मुळात भुताचे नाव नव्हे, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठेवलेला आळ आहे. या चित्रपटातील स्त्री मरून पिशाच झाली, तरी तिचे भांडण जिवंतपणी लागलेल्या त्या शब्दाशीच आहे.

मराठी न जाणणाऱ्या प्रेक्षकास तिचे बोलणे हा भय वाढविणारा एक आवाज वाटतो. मराठी प्रेक्षकास तेच बोलणे फिर्याद म्हणून ऐकू येते. एकाच ध्वनीचे असे दोन अर्थ होतात, आणि त्यांतील कोणता हाती लागेल हे प्रेक्षकाच्या भाषेवर ठरते. कॅमेऱ्याच्या साक्षीची मर्यादा येथेच उघड होते. तो दोन्ही स्त्रियांना पाहतो. एकीचे संमतीवाचून प्रदर्शन मांडतो, दुसरीला केवळ भयाची आकृती करतो. ऐकणे त्यास साधत नाही. चित्रपटानेही हे सूत्र शेवटपर्यंत नेले आहे असे म्हणवत नाही. तिची फिर्याद तो नोंदवितो, पण वापरतो प्रेक्षकास दचकविण्यासाठीच.

हा आळ केवळ पडद्यावरचा नाही. अमुक व्यक्ती करणी करते असे पसरवून तिचे जगणे असह्य करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा ठरला. कर्नाटकानेही २०१७ मध्ये अशा अमानुष प्रथांविरुद्ध कायदा केला. कायदा करावा लागला, याचाच अर्थ असा की आळ घेणारी माणसे जिवंत होती, आणि ज्यांच्यावर तो घेतला जाई त्या स्त्रियाही.

बंगळुरूच्या दारांवरील शब्दांमागे एक गृहीत होते: बाहेर उभी असलेली भाषा जाणते, तिला आपले म्हणणे कळते. तिला घालविण्यासाठी का होईना, तिच्याशी बोलावे लागे. दारावरच्या कॅमेऱ्यास ती गरज उरलेली नाही. ‘रागिनी एमएमएस’मधील मराठी आवाज अस्वस्थ करतो तो याचसाठी. तिचे म्हणणे समजण्यास पुरावा लागत नाही, भाषा लागते. आणि ती भाषा जाणणाऱ्यास केवळ भ्यालो असे म्हणून सुटता येत नाही.