बागेसाठी कांद्याची फुलं

परदेशी बागांच्या फोटोंत दिसणारे जांभळे गोल गोंडे अॅलियमचे, म्हणजे कांद्याच्याच कुळातले. त्यातल्या मोठ्या जातींच्या कंदांना कडक आणि लांबलचक थंडी लागते. ती सातारा-सांगलीत पडत नाही, त्यामुळे महागडे कंद मागवू नका. चाळीतला उन्हाळी कांदा लावा, तो इथे झकास फुलतो!

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टणक, निरोगी कांदे निवडा. वरचा एक तृतीयांश भाग कापला की कोंब लवकर आणि जास्त फुटतात. दोन कांद्यांत फूटभर अंतर ठेवा. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते आणि कांदा सडतो, म्हणून वाफा उंच करा, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. ऊन मात्र भरपूर हवं.

थंडीत पोकळ, मधे फुगलेले डेंगळे वर येतात. टोकाचा पातळ पापुद्रा फाटतो आणि आतून शेकडो पांढऱ्या चांदण्या उमलू लागतात, प्रत्येक पाकळीवर मधोमध हिरवी रेघ. सगळी फुलं एकदम उमलत नाहीत, त्यामुळे गोंडा बरेच दिवस टिकतो. प्रत्येक फुलात पराग आधी झडतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणून बी धरायला मधमाशी लागतेच. फुलोऱ्यात कीटकनाशक अजिबात मारू नका. फुलकिडे आणि करपा यांच्यावर लक्ष त्याआधीच ठेवा. वाऱ्याने डेंगळे मोडतात, काठीचा आधार द्या.

कुंडीच हवी असेल तर गार्लिक चाइव्हज लावा: पांढरी फुलं, खायला पात, आणि गड्डा फोडून नवी रोपं.