पहिलटकरणीचे पहिले आठवडे
दिवस गेल्याची वार्ता तिसरा महिना सरेपर्यंत उंबऱ्याबाहेर जाऊं देऊं नये, हा घरोघरींचा जुना संकेत. तो खुशाल पाळावा. पण डॉक्टरांपासून ती लपवूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगूं. ज्या नळीपासून गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर सुमारें २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकल्याचें सुनेच्या ध्यानीं येतें न येतें तोंच! यास्तव रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिडची गोळी खरें तर आधींपासूनच हवी. राहिली असल्यास आजच सुरू करून बारा आठवडे घ्यावी. रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट पहिल्याच भेटींत पाहावे. सुनेचा गट आरएच निगेटिव्ह निघाल्यास चिरंजीवांचाही. पोटांत एका बाजूस तीव्र कळ आली किंवा रक्त दिसलें, तर सासूबाईंनीं सकाळची वाट पाहूं नये.