कुत्रा कोणत्या कलमात बसतो?

ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रात माग वाचायचा तो ऊन चढायच्या आत. नंतर येवल्याच्या या माळावर वारा सुटतो आणि मातीवरचं सगळं पुसलं जातं. वनरक्षक उकिडवे बसून काडीने दाखवत होते. ससा जीव घेऊन पळतो तेव्हा त्याचे मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे पडतात. त्यावर कुत्र्यांचे पंजे, नखांसकट. शेजारी चपलेचा ठसा. मोकाट कुत्र्यांबरोबर रात्रीचं कोण कशाला फिरेल?

गवताला लव अडकली होती, थोडं वाळलेलं रक्त. मोजपट्टी ठेवून फोटो, दोन पंच, पंचनामा, लव सीलबंद. पीओआरमध्ये, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवालात, आरोपी ‘अज्ञात’.

कायदा तसा कडक आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. ससा निसटला तरी कुत्री सोडणारा सुटत नाही. 1 एप्रिल 2023पासून ससा दुसऱ्या अनुसूचीत आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. याच माळावरचं काळवीट पहिल्या अनुसूचीत, तिथे कैद किमान 3 वर्षं. पण जप्तीच्या कलम 50मध्ये सापळा, अवजार, वाहन, होडी, हत्यार आहे, कुत्रा नाही. उद्या कुत्री हाती लागली तर बांधायची कुठे आणि भाकर कोणी घालायची, हे वनरक्षकानेच बघायचं!

एके काळी वन्यजीवांचा सगळा कारभार मुंबईतून चालायचा; 1951चा राज्याचा स्वतंत्र कायदा होता. वन्यजीव हा विषय राज्यांचा, म्हणून 1972चा कायदा करायलाही संसदेला विधिमंडळांचे ठराव लागले. 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीने तो विषय समवर्ती सूचीत गेला. आता कोणतं जनावर कोणत्या अनुसूचीत, हे दिल्ली ठरवते. माळावर गस्त घालतो तो राज्याचा वनरक्षक, आणि काळविटांनी पीक खाल्लं तर भरपाईही राज्याच्याच तिजोरीतून. मला ही वाटणी जरा एकतर्फी वाटते.

पंचांपैकी म्हाताऱ्याने सही करता करता विचारलं, “साहेब, काळवीट हरभऱ्यात शिरलं अन् आमचं कुत्रं मागं लागलं, तर?”

“आबा, हाक मारून बांधावरूनच माघारी घ्या त्याला. अन् सातबारा जोडून भरपाईचा अर्ज द्या.”

“मागचाच अजून पडून आहे,” आबा म्हणाले आणि पेन दुसऱ्या पंचाकडे दिलं.