दत्तक देण्याआधी आम्ही घरात काय पाहतो?

होम स्टडीला, म्हणजे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या पालकांच्या घरभेटीला, गेले की लखलखीत फरशी आणि फराळाची बशी बहुतेक घरांत समोर येते. पण समाजसेविका म्हणून मी घराची श्रीमंती मोजत नाही. आजी-आजोबांना बाजूला बसवून विचारते, ‘बाळ सावळं असलं तर? उशिरा बोलायला लागलं तर?’ घरात आधीचं मूल असेल तर त्याच्याशीही बोलते.

‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करताना उत्पन्नाचा पुरावा आणि वैद्यकीय दाखला लागतो. २०२२च्या नियमावलीनुसार दांपत्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर हवा आणि मूल व पालकांच्या वयात निदान २५ वर्षांचं अंतर हवं. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५पेक्षा जास्त चालत नाही. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. गुन्ह्यात शिक्षा किंवा बालहक्कभंगाचा आरोप असेल, तर दार बंद. अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. पुढची दोन वर्षं आम्ही मुलाची खुशाली पाहत राहतो.

‘जन्मदात्यांना कोण तपासतं?’ असं पालक कळवळून विचारतात. मी सांगते, या मुलाचं एक घर आधीच सुटलंय. दुसरं सुटता कामा नये.